दहा फुटी छपाई : पेंटरच्या कुंचल्यापासून फ्लेक्सच्या यंत्रापर्यंत

इतिहासाच्या व्याख्यानात आपण सहसा किल्ले, ताम्रपट, लढाया यांच्याबद्दल बोलतो. आज बोलायचं आहे ते एका यंत्राबद्दल. दहा फूट रुंद, एका बाजूने पांढरा रोल आत जातो, दुसऱ्या बाजूने कोणाचा तरी हसरा चेहरा बाहेर येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या गावांचा चेहरामोहरा ज्या वस्तूने सर्वांत जास्त बदलला, तिचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण ती वस्तू आपल्याला इतिहास वाटतच नाही. ती आपल्याला कचरा वाटते, नाहीतर राजकारण.

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की नेवासे तालुक्यात घोडेगाव लागतं. शनिशिंगणापूरला जायचं तर इथूनच आत वळायचं. इथे कांद्याचा उपबाजार भरतो, जनावरांचा बाजार भरतो, भाविकांच्या गाड्या थांबतात. जिथे माणसांची ये-जा, तिथे पाटी आलीच. आता बघा, वरच्या पहिल्याच वाक्यात दोन शहरांची नावं आली आणि दोन्ही नवी आहेत. संभाजीनगरच्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२३ मध्ये, अहिल्यानगरचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला मार्च २०२४ मध्ये आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो अमलात आला. म्हणजे दोन वर्षांच्या आत या एका रस्त्यावरच्या दुकानांना, धाब्यांना, शाळांना, पतसंस्थांना पत्ता बदलावा लागला, किंवा लागणार आहे. त्यात २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. एवढ्या पाट्या इतक्या थोड्या वेळात हाताने रंगवायला राज्यात पेंटर उरले होते का? नव्हते. ते कुठे गेले, आणि त्यांच्या जागी जे यंत्र आलं ते नेमकं काय आहे, हा आजचा विषय.

थोडं मागून सुरुवात करू. मोठं आणि रंगीत छापण्याची हौस महाराष्ट्राला जुनी आहे. जर्मनीत आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळाछाप शोधला. दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवला की ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट भागावर बसते. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, एवढंच त्यातलं शास्त्र. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी याच पद्धतीने १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, त्याची देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं घराघरात लागली. १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. या सगळ्यांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, आणि सगळे दगड एकमेकांशी केसभरही न हलता जुळावे लागायचे. हे लक्षात ठेवा. रंग वेगवेगळे सुटे करायचे आणि कागदावर पुन्हा जुळवायचे, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. आजचं यंत्रही तेच करतं, फक्त दगडांच्या जागी चार नळ्या आल्या.

पण दगडाला मर्यादा होती. दगड माणसाला उचलता आला पाहिजे. म्हणून खरोखर मोठं काही हवं असेल तर ते हातानेच रंगवावं लागे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः काढली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आजही अभ्यासकांसमोर आहे. मुंबईत मकबूल फिदा हुसेन तरुणपणी सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरत होते. ही मोठी नावं झाली. तालुक्याच्या गावात हेच काम करणारा माणूस असे, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरात सही करी. सहीत आडनाव नसे. नाव आणि पुढे ‘पेंटर’. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्याची पहिली एसटी धावली. त्यानंतर बसच्या पाट्या, स्टँडवरची वेळापत्रकं, ‘येथे थुंकू नये’, ग्रामपंचायतीचे फलक, बी-बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती, घराच्या भिंतीवरची निवडणुकीची चिन्हं, हे सगळं दोन पिढ्या हाताने लिहिलं गेलं.

पेंटर मोठं चित्र कसं काढायचा ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण यंत्र समजायला त्याचाच उपयोग होतो. छोट्या फोटोवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, चौकटी पाडायच्या. तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून पाडायच्या. मग एकेका चौकटीत जे आहे ते त्या मोठ्या चौकटीत उतरवायचं. याला ग्राफ टाकणं म्हणत. आज संगणक जे करतो ते हेच, फक्त त्याच्या चौकटी इतक्या बारीक असतात की एका चौकटीत एकच रंग मावतो. त्या चौकटीला आपण पिक्सेल म्हणतो.

पेंटर आणि फ्लेक्स यांच्या मधल्या काळात कापडी बॅनर होते, स्क्रीन प्रिंटिंग होतं. जाळीदार कापड चौकटीवर ताणायचं, नको तो भाग बंद करायचा, वरून शाई ओढायची. शंभर प्रती हव्या असतील तर हे परवडे, एक प्रत हवी असेल तर नाही. आणि गावात लागते ती एकच प्रत. एका मुलाचा वाढदिवस, एका देवळाचा सप्ताह, एका दुकानाचं उद्घाटन. फ्लेक्सने नेमकी ही अडचण सोडवली, म्हणून तो जिंकला. तो सुंदर होता म्हणून नव्हे.

आता यंत्राच्या मुळाकडे जाऊ. १८८० साली फ्रान्समध्ये क्युरी बंधूंनी, म्हणजे मेरी क्युरींचे पती पिअर आणि त्यांचे भाऊ जॅक यांनी, एक गंमत पाहिली. क्वार्ट्‌झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलटही घडतं हे लगेच सिद्ध झालं, वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. याला पिझो परिणाम म्हणतात. आता कल्पना करा, शाईची अतिशय बारीक नळी आहे आणि तिची भिंत अशा पदार्थाची आहे. वीज दिली की भिंत आत दबते, थेंब बाहेर उडतो. वीज काढली की भिंत मागे येते, मागून नवी शाई भरते. हे सेकंदाला हजारो वेळा. आपल्या फ्लेक्स मशीनचं हेड म्हणजे एवढंच. १९७० च्या दशकात यावर पेटंटं निघाली, यंत्रं निघाली. कॅननने १९७७ मध्ये शाई तापवून बुडबुड्याने थेंब उडवायची दुसरी वाट शोधली. घरातले अनेक छोटे प्रिंटर त्या वाटेचे. मोठ्या छपाईत मात्र पिझोच टिकला, कारण तापवून चालत नाही अशी उग्र शाईसुद्धा त्यातून उडवता येते.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रॅहॅम नॅश नावाचे एक प्रसिद्ध गायक. त्यांना आपले फोटो मोठ्या आकारात, चांगल्या जाड कागदावर छापायचे होते. त्यांनी सुमारे १ लाख २६ हजार डॉलर किमतीचं आयरिस कंपनीचं यंत्र घेतलं आणि जाड कागद आत जाईना म्हणून त्याचा भाग चक्क करवतीने कापला. वॉरंटी तिथेच संपली. १९९१ मध्ये त्यांनी त्यावर छपाईचा स्टुडिओ सुरू केला आणि कलाजगतात मोठ्या डिजिटल छपाईची ती सुरुवात मानली जाते. जुगाड हा शब्द आपण उगाच आपलाच समजतो.

जाहिरातीच्या बाजूला अमेरिकेत १९८८ मध्ये व्ह्यूटेक कंपनी निघाली, इस्रायलमध्ये काही कंपन्या निघाल्या, इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९९० मध्ये झार ही फक्त हेड बनवणारी कंपनी निघाली. या शेवटच्या गोष्टीने खरा फरक पडला. हेड वेगळं विकत मिळू लागलं म्हटल्यावर बाकीचं यंत्र, म्हणजे लोखंडी सांगाडा, मोटर, पट्टा, कुणीही बनवू शकत होता. चीनमधल्या कारखान्यांनी तेच केलं. हेड जपानचं किंवा इंग्लंडचं, सांगाडा चीनचा. किंमत कोसळली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जे यंत्र आपल्याकडे फक्त मोठ्या शहरांत दिसायचं, ते पुढच्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या गावी, आणि मग हमरस्त्यावरच्या बाजारगावी पोचलं.

पोचलं ते कशाच्या भरवशावर? कर्जाच्या. हा भाग नीट समजून घ्या, कारण अनेक घरांचं बरंवाईट यावर ठरलं. ज्या मुलाने हे यंत्र घेतलं तो बहुतेक वेळा शेतकऱ्याचा मुलगा. आयटीआय नाहीतर डीटीपीचा कोर्स केलेला, आधी झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान असलेला. यंत्राचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. काम मात्र ठरलेलं नाही. गणपती, नवरात्र, निवडणूक, सप्ताहांचा काळ, लग्नसराई, तेव्हा रात्रभर यंत्र चालतं. आषाढात, पेरणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस बंद. आणि हे यंत्र बंद राहिलं की बिघडतं! शाई हेडमध्ये वाळते. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला तर फार काही होत नाही. हेड आठ दिवस तसंच राहिलं तर ते बदलायची पाळी येते, आणि एका हेडच्या किमतीत महिन्याभराची कमाई जाऊ शकते. म्हणून जाणता ऑपरेटर काम असो नसो, रोज सकाळी यंत्र चालू करतो, हेडमधून थोडी शाई बाहेर सोडतो आणि टेस्ट प्रिंट काढतो. बारीक रेघांची जाळी छापली जाते. त्यात एखादी रेघ तुटली असेल तर तिथलं नोझल बंद आहे. मग लिंट न सोडणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसायचं, सोल्यूशनने फ्लश करायचं. ज्याने ही रोजची दहा मिनिटं वाचवली त्याचं दुकान फार चालत नाही, हे आम्ही या धंद्यात बसल्या-उठल्यावर वारंवार पाहिलं आहे.

त्यात आपल्याकडे वीज. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन. वीस फुटांचा बॅनर पंधरा फूट छापून झाला आणि लाइट गेली तर तो पंधरा फूट फेकायचा. जिथे थांबलं तिथून बिनजोड पुन्हा सुरू करणं फार कठीण. म्हणून यंत्रासोबत यूपीएस, जनरेटर, चांगलं अर्थिंग, हे सगळं आलं. परदेशी माहितीपुस्तकात या गोष्टीला अर्धं पान असतं. आपल्याकडे तो धंद्याचा मुख्य खर्च होता.

आता यंत्राचं काम जवळून पाहू. फ्लेक्स म्हणजे काय? मध्ये पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी, दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. शाई सॉल्व्हंटची. ती पीव्हीसीचा वरचा थर किंचित विरघळवते, रंगाचे कण आत रुतवते आणि स्वतः उडून जाते. म्हणूनच पावसात रंग धुऊन जात नाही, आणि म्हणूनच दुकानात शिरल्याबरोबर तो उग्र वास येतो. यंत्राच्या पट्टीखाली हीटर असतो, तो शाई लवकर सुकवतो. तापमान कमी झालं तर शाई पसरते, जास्त झालं तर फ्लेक्सची कड वर उचलली जाते आणि धावतं हेड तिला घासतं. हेड घासणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा आवाज.

त्या वासाबद्दल दोन शब्द. बंद गाळ्यात, शटर अर्धं ओढून, रात्रभर हा वास घेत काम करणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हे सॉल्व्हंट डोळ्यांना, घशाला, डोक्याला त्रास देतात. शाई ओतताना हातमोजे, आणि बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा, एवढं तरी हवंच. लाखोंच्या यंत्रापुढे या पंख्याची किंमत काहीच नाही, तरी तो बसवला जात नाही. आम्हाला याचा राग येतो, तो इथे नोंदवून पुढे जातो.

हेडमधून निघणारा थेंब किती लहान असतो? आपल्याकडे फार चाललेल्या एका प्रकारच्या हेडमध्ये ५१२ नोझल असतात आणि थेंब ४२ पिकोलिटरचा. हिशेब केला तर त्या थेंबाचा व्यास साधारण ४३ मायक्रॉन येतो, म्हणजे माणसाच्या बारीक केसाएवढा. आणि फाइल किती मोठी हवी? समजा दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स आहे. इंचाला ७२ ठिपके धरले तर १२० इंच गुणिले ७२ म्हणजे ८,६४०, आणि २४० इंच गुणिले ७२ म्हणजे १७,२८०. दोन्हींचा गुणाकार जवळजवळ १५ कोटी ठिपके. प्रत्येकाला चार रंगांची माहिती, म्हणजे सुमारे ६०० एमबी. गिऱ्हाईक अनेकदा म्हणतं, तीनशेचं रिझोल्यूशन ठेवा, एकदम क्लिअर पाहिजे. गरज नसते. आपल्या डोळ्याला दहा फुटांवरून साधारण एका मिलिमीटरहून थोडे कमी अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात, तीस फुटांवरून अडीच मिलिमीटरच्या वर. चौकातला फ्लेक्स तीस फुटांवरूनच पाहायचा असतो. इथेही पेंटर शहाणा होता. सिनेमाचा बोर्ड जवळून पाहिला तर नुसते रंगाचे फटकारे दिसायचे, लांब गेलं की डोळे पाणीदार.

ही फाइल थेट यंत्राला कळत नाही. मध्ये रिप नावाचं सॉफ्टवेअर असतं. संगणकाच्या पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, म्हणजे लाल-हिरवा-निळा. शाईचे रंग निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा. एका जगातून दुसऱ्या जगात रंग नेताना काही रंग वाटेत हरवतात. आणि आपल्या दुर्दैवाने हरवणाऱ्यांत भगवा आहे! पडद्यावर झळझळीत दिसणारा भगवा छापून आला की मातकट, विटकरी. किती गिऱ्हाइकं यावरून भांडली असतील, सांगता येत नाही. अनुभवी ऑपरेटर डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, आकड्यांवर ठेवतो. पिवळा शंभर, गुलाबी पन्नास-साठच्या आसपास, आणि निळसर व काळा शून्य. त्यात निळसराचे पाच टक्के जरी शिरले तरी भगव्याचा तेज गेला. दुसरं, उन्हात गुलाबी आणि पिवळी शाई आधी उडते. म्हणून तीन-चार महिन्यांनी सगळे नेते निळे पडलेले दिसतात. पक्ष कोणताही असो.

बाकी दोष दोन. छपाईत आडव्या पट्ट्या दिसल्या तर बघायचं, पट्टी पांढरी आहे की गडद. पांढरी असेल तर रोल प्रत्येक फेरीला थोडा जास्त पुढे सरकतोय, गडद असेल तर कमी. त्याचं माप आकड्यात सुधारता येतं. हेड जाताना आणि येताना असं दोन्ही वेळा छापत असेल आणि अक्षरं दुहेरी दिसत असतील, तर त्या दोन फेऱ्या जुळवून घ्यायच्या. फेऱ्या म्हणजे पास वाढवले तर छपाई चांगली येते आणि वेळ वाढतो. रात्री अकरा वाजता चार माणसं उभी राहून ‘उरक, उरक’ म्हणत असतात तेव्हा पास कमी केले जातात. आपल्या चौकातल्या बऱ्याच फ्लेक्सवरच्या पट्ट्यांचं कारण तंत्रात नाही, त्या घाईत आहे.

धंद्याचा हिशेबही बघू, कारण इथे भले भले फसतात. दर स्क्वेअर फुटाचा असतो. रोल दहा फुटी आहे आणि गिऱ्हाइकाला आठ बाय वीसचा फ्लेक्स हवा आहे. पैसे मिळणार १६० स्क्वेअर फुटांचे, रोल गेला २०० चा. चाळीस फूट गेले. म्हणून हुशार ऑपरेटर एकेक काम छापत नाही. चार फुटीचं आणि सहा फुटीचं शेजारी शेजारी लावतो, उरलेल्या कडेला कुणाचं छोटं ‘भाड्याने देणे आहे’ बसवतो. लाकडी फर्निचर करणारा सुतार प्लायवूडची शीट कापण्याआधी जो विचार करतो तोच हा. आणि सगळ्यांत मोठा खर्च कुठल्याच माहितीपुस्तकात नसतो. उधारी. दुकानाची पाटी करणारा माणूस रोख देतो. सप्ताहाची कमिटी वर्गणी जमली की देते. निवडणुकीतलं काम मात्र निकालावर असतं. हरलेल्या उमेदवाराकडे वसुलीला जाणं काय असतं, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. जिंकलेल्याकडे जाणं त्याहून अवघड. त्यात गावात दुसरं, तिसरं यंत्र आलं की दर खाली येतात. शाईचे आणि रोलचे भाव मात्र गावच्या स्पर्धेवर ठरत नाहीत.

आता अक्षरांकडे येऊ. आमच्या मते या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग. घोडेगाव ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नेवाशातला पैसचा खांब सर्वांना माहीत आहे, त्यावर शिलालेखही आहे. म्हणजे इथे अक्षर दगडात आहे, आणि त्याच तालुक्यात फ्लेक्सवरही आहे. फ्लेक्सवरचं मराठी कसं आलं? पेंटर अक्षर काढायचा, टाइप करत नव्हता. जोडाक्षर कसं वळवायचं हे त्याच्या मनगटात होतं. संगणक आला तेव्हा युनिकोड नव्हतं. श्रीलिपी, आकृती अशी सॉफ्टवेअरं आली आणि कोरलड्रॉमध्ये त्यांच्या फाँटनी काम सुरू झालं. त्यांनी मोठं काम केलं, ती नसती तर फ्लेक्सवर रोमन लिपीच दिसली असती. पण प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी. एका दुकानाची फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी परकीय चिन्हांची खिचडी. म्हणून फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे त्यांचं चित्र करून टाकायचं, ही शिस्त आली. ज्याने कर्व्ह केलं नाही त्याचा बोर्ड बिघडला.

त्यातून शुद्धलेखनाचं एक वेगळंच प्रकरण झालं. ‘श्रद्धांजली’ लिहायची ती द ला ध जोडून. फ्लेक्सवर ती अनेकदा ‘श्रध्दांजली’ होते, आधी अर्धा ध आणि मग द. ‘उद्घाटन’चं ‘उद्धाटन’ होतं. टाइप करणारा मुलगा अडाणी असतो असं समजू नका. जुन्या फाँटमध्ये जोडाक्षराची कळ सापडत नसे, जी सापडली ती दाबली, आणि दुसऱ्याने ती फाइल कॉपी केली. वीस वर्षं आपण चौकात तेच वाचत आलो आणि आता हाताने लिहिणाराही तसंच लिहितो. म्हणजे यंत्राची अडचण भाषेची सवय झाली. यावर हसण्यापेक्षा आम्हाला दुकानांत एक जोडाक्षरांचा तक्ता लावलेला जास्त आवडेल. कुणाच्या वडिलांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स असतो, त्या घरातलं कुणी त्या दिवशी शुद्धलेखन तपासण्याच्या अवस्थेत नसतं. ते काम दुकानाचंच आहे.

पेंटर कुठे गेले, हा प्रश्न राहिला. काही जण स्वतःच माउस घेऊन बसले आणि चांगले डिझायनर झाले, कारण रचनेची नजर होती. काही नंबरप्लेट, ट्रकची मागची बाजू, यावर तगले. जिल्हा परिषदेच्या शाळांत बोलक्या भिंती आल्या, स्वच्छतेचे संदेश भिंतींवर आले, त्यातून काहींना काम मिळालं. बरेच जण घरांना रंग देऊ लागले. आणि एक गोष्ट या इतिहासात कायमची गेली, ती म्हणजे बोर्डाच्या कोपऱ्यातली सही. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचा मोबाइल नंबर असतो. ज्याने तो रचला त्याचं नाव नसतं.

नावाचा विषय निघाला म्हणून कायद्याचं सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क. निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव व पत्ता असलाच पाहिजे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात छापणाराही येतो, हे बऱ्याच ऑपरेटरना आचारसंहिता लागल्यावरच कळतं. प्रकाशकाने सही करून दिलेलं घोषणापत्र घेतल्याशिवाय काम सुरू करायचं नसतं. याशिवाय मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा राज्याचा १९९५ चा कायदा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. त्यानंतरही न्यायालयाला पुन्हा पुन्हा पालिकांना विचारावं लागलं की अंमलबजावणीचं काय झालं. फलक लागतातच. भावी सरपंच लागतात, भावी आमदार लागतात.

हे केवळ दिसायला वाईट असण्याचं प्रकरण नाही. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार माणसं गेली. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला वादळात आडोशाला थांबलेल्यांवर होर्डिंग पडलं, पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून सतरा जण गेले. ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगीची कमाल मर्यादा ४० बाय ४०. यांपैकी काही ठिकाणी सांगाडे लोखंडी होते, पाया कमकुवत होता. पण त्यामागचं गणित गावच्या चौकातल्या बांबूलाही लागू आहे. दहा बाय वीसचा फ्लेक्स, ताशी ६० किलोमीटरचा वारा. नुसता सपाट दाब धरला तरी तो कापडावर साधारण तीनशे किलोचा जोर लावतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणजे वळवाच्या वादळात तोच फ्लेक्स एक टनाच्या वर ओढ देतो, आणि तो बांधलेला असतो सुतळीने, विजेच्या खांबाला. शिंगणापूरच्या फाट्यावर ज्या जागी दुचाकीवाले वळायला थांबतात, तशाच जागी सर्वांना फलक लावायचा असतो, कारण तिथेच लोक थांबतात.

छापणाऱ्याची यात जबाबदारी किती? यावर आमच्यातच एकमत नाही. एक बाजू म्हणते, छपाईवाला फक्त छापतो, तो उभारत नाही. दुसरी बाजू म्हणते, कडेला किती आयलेट मारायच्या, काठाला दुमड घ्यायची की नाही, मोठ्या फलकाला वारा जायला फटी ठेवायच्या की नाही, हे सगळं छापणाऱ्याच्याच टेबलावर ठरतं, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पेंटरला बोर्ड कुठे लागणार ते ठाऊक असे, कारण बहुतेक वेळा तोच शिडीवर चढून तो लावत असे.

शेवटी फ्लेक्सचं पुढे काय होतं ते बघू. कार्यक्रम एक दिवसाचा, फ्लेक्स टिकतो काही वर्षं. पीव्हीसी कुजत नाही, जाळलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात, आणि मधल्या पॉलिस्टरच्या जाळीमुळे त्याचा पुनर्वापर कारखान्यातही सहज होत नाही. आता कापडावर छापणारी यंत्रं आली आहेत, पाण्यावर आधारित लॅटेक्स शाई २००८ पासून बाजारात आहे, अतिनील प्रकाशाने क्षणात सुकणारी शाई आहे. त्यांचा खर्च जास्त म्हणून गावात अजून सॉल्व्हंटच चालतो. पण आपल्या शेतकऱ्याने या कचऱ्याचा उपयोग कोणत्याही योजनेच्या आधी शोधला. कार्यक्रम संपला की रात्रीत फ्लेक्स उतरतात आणि सकाळी ते कांद्याच्या चाळीवर असतात, गोठ्याच्या फटीवर असतात, कडब्याच्या गंजीवर, ट्रॉलीवर असतात. छापलेली बाजू आत आणि पांढरी बाहेर ठेवली तर चाळ थोडी कमी तापते, हे ज्याने करून पाहिलं तो सांगतो. कांद्याच्या आवकेच्या दिवसांत घोडेगावच्या वाटेवरच्या चाळी आतून पाहिल्या तर छताला निळे पडलेले चेहरे, दोन-तीन पक्षांचे, एकमेकांना शिवलेले, आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी एखाद्या सप्ताहाचं किर्तनाचं वेळापत्रक.